डाव्या कानामागचा डाग

९ जानेवारी
लोक नव्या वर्षाचे संकल्प एक तारखेला करतात आणि पाच तारखेला मोडतात. मी मुद्दाम आठवडाभर थांबलो. त्यामुळे हा टिकणार.

संकल्प : चेहरा बदलायचा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कुणी (म्हणजे बायको) म्हणायला नको की हे पन्नाशीच्या तोंडावरचं खूळ आहे. कारण पूर्णपणे व्यावसायिक आहे. चष्म्याच्या दुकानात मला बावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना त्याच्या आणि माझ्या चेहऱ्यात वीतभर अंतर असतं. एवढ्या जवळून माझ्या गालांवरचे मुरमांचे खड्डे आंधळ्यालाही दिसतील, आणि आमच्याकडे येणारे सगळे निम्मे आंधळेच. आज मी चष्म्याची काडी वाकवत असताना एका बाईंनी चक्क डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला. त्या बिचारीचा काय दोष?

मार्चअखेरीला मालक नवीन ब्रँच उघडतायत. तिथल्या पुढच्या काउंटरवर एकच माणूस लागणार. एक तर मी, नाहीतर हसऱ्या. हसऱ्या सहा वर्षांपूर्वी लागला. नंबर तपासताना हसतो, पावती फाडताना हसतो, फ्रेम हातात तुटली तरी हसतो. ज्ञान शून्य, पण गाल गुळगुळीत.

१० जानेवारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, गिऱ्हाइकं डोळे मिटतात ती तुमच्या सिगारेटच्या वासाने. चेहऱ्याचं राहू द्या, आधी तोंड सांभाळा. धंद्यातलं तिला कळत नाही.

१३ जानेवारी
स्किन क्लिनिक. पांढऱ्या खुर्च्या, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. भिंतीवर एका माणसाचा फोटो, अर्धा चेहरा आधीचा, अर्धा नंतरचा. आधीचा अर्धा माझ्यापेक्षा वाईट होता. बरं वाटलं.

डॉक्टर पाच मिनिटं भेटले. म्हणाले, लेझरने वरचा थर काढायचा, खालून नवी त्वचा येते, खड्डे साधारण निम्म्याने कमी होतात. हे डॉक्टर लोक बोलताना हातचं राखून बोलतात. मी पण गिऱ्हाइकाला लेन्स आठ दिवसांत येईल म्हणून सांगतो आणि सहा दिवसांत देतो. (देत नाही. पण तत्त्व तेच.) म्हणजे निम्मे म्हणजे सगळे.

नंतर सिस्टरने चाळीस मिनिटं घेतली. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या, अकरा वर्षं इथेच आहेत. ‘लेझरपूर्वी रुग्णाला हे माहीत हवं’ असा एक कागद आहे. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचतात आणि आपल्याकडून ते परत वदवून घेतात. मी म्हणालो, बावीस वर्षं मी लोकांना वाचायला लावतोय, मला वाचता येतं. त्या म्हणाल्या, वाचता सगळ्यांनाच येतं, आता तुम्ही सांगा, सिगारेट कधीपासून बंद? शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. म्हणालो, दोन आठवडे आधीपासून. त्या म्हणाल्या, आणि नंतर? म्हणालो, नंतरही. त्यांनी बरोबरची खूण केली.

एकूण : सिगारेट नाही. ऊन नाही, आधीही नाही आणि नंतर तीन महिने नाही. चालू असलेली सगळी औषधं सांगायची, मुरमांच्या गोळ्या घेतल्या असतील तर कधी बंद केल्या तेही सांगायचं. ओठावर तापाचे फोड येत असतील तर सांगायचं, त्यावर आधीपासून गोळी देतात. घरी न्यायला कुणीतरी हवं. दहा दिवस कामावर नाही. खपल्या स्वतः काढायच्या नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, चेहरा बदलल्याने आयुष्य बदलेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. माझ्याकडे बघून का वाचली, कळलं नाही.

कागदावर सही केली. घरी आणून फ्रिजवर लावला.

१६ जानेवारी
आज पॅच टेस्ट. डाव्या कानामागे नखाएवढ्या जागेवर लेझर मारून बघितलं. चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही. सिस्टर म्हणाल्या, आपल्यासारख्या सावळ्या कातडीला भाजलं की कधीकधी ती काळी पडते, आणि गालांवर काळी पडली तर महिनोन्महिने जात नाही. म्हणून आधी झाकल्या जागी बघायचं. चार आठवडे लक्ष ठेवा, तेरा फेब्रुवारीला स्वतः येऊन दाखवा. थोडी जरी काळी पडली तरी सांगा, लाजू नका. मग आपण आधी क्रीम लावू, दोन-तीन महिने थांबू, किंवा करणारच नाही.

दोन-तीन महिने! ब्रँच मार्चअखेरीला आहे. असो. माझी काळी पडायची नाही. आमच्या घराण्यात जखमा लवकर भरतात.

१७ जानेवारी
सिगारेट बंद.

१८ जानेवारी
एकदम बंद करणं शरीराला अपायकारक असतं. हळूहळू कमी करत बंद करणार. दिवसाला सात.

२९ जानेवारी
सात जमत नाहीत, पण अकरा हा आकडा स्थिर राखलाय. स्थिरता महत्त्वाची.

हसऱ्याने आज गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर सांगितला आणि वर हसला. गिऱ्हाईकही हसलं. माझ्याशी आजवर एकही गिऱ्हाईक हसलेलं नाही. हे सगळं गालांमुळे.

५ फेब्रुवारी, रविवार
बायको केसांना कलप लावून देत होती. मध्येच थांबली. म्हणाली, कानामागे काळं पडलंय. मी म्हणालो, कलप लागला असेल. तिने ओल्या कापसाने पुसलं, मग साबण लावून पुसलं, मग म्हणाली, हा कलप नाही. मी म्हणालो, चांगल्या कंपनीचा आहे, लवकर जात नाही.

६ फेब्रुवारी
दुकानात आरसेच आरसे आहेत. जेवणाच्या सुट्टीत दोन आरसे समोरासमोर धरून बघितलं. नखाएवढा डाग. काळा म्हणता येणार नाही. गडद.

शिवाय माझ्या स्वतःच्या चष्म्याची काडी बरोबर त्याच जागेवर टेकते. बावीस वर्षं एकाच जागी काडी घासली तर कुणाचीही कातडी गडद होईल. लेझरचा यात काही संबंध असेलच असं नाही. शास्त्रीयदृष्ट्या बघायला हवं.

९ फेब्रुवारी
शास्त्रीय निरीक्षणासाठी तीन दिवस चष्मा न घालता बसलो. एका आजोबांना लांबच्या नंबराऐवजी वाचायचा चष्मा दिला. ते पायरीवरून पडता पडता वाचले. मालक बोलले. डाग तसाच आहे.

११ फेब्रुवारी
मालकांनी आज हसऱ्याला आणि मला दोघांनाही बोलावून सांगितलं की नव्या काउंटरचं नाव वीस मार्चला जाहीर करणार. माझ्याकडे बघून म्हणाले, वागण्यात थोडा फरक दिसू दे. मी म्हणालो, वीस मार्चला तुम्ही मला ओळखणार नाही. त्यांनी हसऱ्याकडे बघितलं. प्रभाव पडला असावा.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११
सिस्टरचा फोन. या ना दाखवायला. मी म्हणालो, दुकानात स्टॉक मोजायचा आहे, जागचं हलता येत नाही. (स्टॉक गेल्याच आठवड्यात मोजला.) त्या म्हणाल्या, मग उद्या या. म्हणालो, उद्याही. परवाही. फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, आम्ही खरं तर फोटोवर घेत नाही, पण वीस तारखेचं मशीन तुमच्या नावाने ठेवलंय. बरं, उजेडात उभं राहून स्पष्ट फोटो पाठवा. मी बघते.

दुपारी २
फोटो काढणं सोपं नाही. स्वतःच्या कानामागचा फोटो काढून बघावा कुणीतरी. दुकानाच्या मागच्या दारापाशी उजेडात उभा राहिलो. पहिल्या तीन फोटोंत डाग फारच गडद आला. मोबाइलच्या कॅमेऱ्याला रंगांची जाण नाही. मग सहज म्हणून उजव्या कानाचा काढून बघितला. छान आला. स्वच्छ. घराण्याची कातडी कशी आहे ते त्यात व्यवस्थित दिसतं.

दुपारी २.२०
पाठवला. खाली लिहिलं : नॉर्मल.

दुपारी २.४०
यात खोटं काहीही नाही. कान माझाच आहे. सेल्फी उलटी येते हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळे कुठला डावा नि कुठला उजवा हा प्रश्नच तसा गौण आहे. आणि सिस्टर अनुभवी आहेत, त्यांना काही वाटलं तर त्या विचारतीलच.

दुपारी ३.१५
उत्तर आलं : छान आहे. वीस तारखेला नऊ वाजता उपाशीपोटी नको, थोडं खाऊन या. सोबत कुणाला तरी आणा.

बघा. तज्ज्ञ माणसाने बघून छान म्हटलं. आता मी कोण शंका काढणारा?

२० फेब्रुवारी
झालं. तासभर बधिर करणारं मलम लावून बसवलं, डोळ्यांवर धातूच्या वाट्या. चष्मेवाल्याच्या डोळ्यांवर वाट्या. जळक्या केसांचा वास येत होता, तो माझाच होता. सिस्टरने सगळा वेळ माझा हात धरला होता. सुरू करण्यापूर्वी विचारलं, कानामागे सगळं ठीक ना? मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे हो असं काही नसतं.

न्यायला बायको आली होती. घरात शिरताना म्हणाली, त्यांनी तो डाग बघितला का? मी म्हणालो, फोटो पाठवला होता, छान म्हणाल्या. ती म्हणाली, त्या डागाला छान म्हणाल्या? तोंड सुजलं होतं, बोलता येत नव्हतं. त्यामुळे विषय थांबला.

२२ फेब्रुवारी
डोळे उघडत नाहीत. गालांतून पिवळं पाणी येतं. उशी चिकटते. सिस्टरने फोन करून दिवसातून किती वेळा मलम लावता ते विचारलं आणि मीठ-पाण्याच्या घड्या कशा ठेवायच्या ते परत सांगितलं. काल पण केला होता. फार मागे लागतात.

२४ फेब्रुवारी
दुकानात गेलो. दहा दिवस म्हणाले होते, पण दहा दिवस हसऱ्याला काउंटर मोकळं सोडायचं म्हणजे स्वतःच्या हाताने त्याला गादीवर बसवणं. मालकांनी बघितलं आणि मागच्या खोलीत बसून काचा घासायला सांगितल्या. नवीन ब्रँचसाठी मला नजरेआड जपून ठेवतायत.

२६ फेब्रुवारी
मागच्या खोलीत गुदमरतं. जाऊन-येऊन उन्हात उभा राहतो, सिगारेटपुरता. एका सिगारेटचं ऊन ते किती? टोपी घालतो. (टोपी हरवली.)

१ मार्च
खपल्या आपणहून पडायला वेळ लावतायत. त्यांना थोडी मदत केली. खालून गुलाबी, मऊ, बाळासारखी त्वचा. मी आरशासमोर दहा मिनिटं उभा होतो. कोण म्हणतं निम्मे खड्डे जातात? मला पंचाहत्तर टक्के दिसले. डोळे भरून आले. हे वहीत लिहायला हरकत नाही.

९ मार्च
गुलाबी रंग जरा उतरतोय. थोडा तपकिरीकडे झुकलाय. निरोगी माणसाचा रंग तपकिरीच असतो.

१२ मार्च
एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, स्टोव्ह उडाला का? मी हो म्हणालो.

१४ मार्च
दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीवर चट्टे. जिथे खपल्यांना मदत केली तिथे जास्त गडद. कानामागचा डाग आता शोधावा लागत नाही, सगळा चेहराच तसा झालाय. बायकोने पावडर आणून ठेवली. पावडर लावली की राख फासल्यासारखं दिसतं. धुऊन टाकली.

१७ मार्च
क्लिनिकमध्ये गेलो. सिस्टरने बघितलं आणि खुर्चीवर टेकल्या. म्हणाल्या, असं कसं झालं हो, पॅच तर स्वच्छ होता. मी म्हणालो, ते तुम्हीच सांगायचं. क्रीम दिलं, सहा महिने ते वर्ष लागेल म्हणाल्या. ऊन विचारलं, सिगारेट विचारली. मी म्हणालो, सगळं तंतोतंत पाळलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

वीस तारीख तीन दिवसांवर.

२० मार्च
हसऱ्या.

दुपारी मालकांना विचारलं. म्हणालो, चेहरा तात्पुरता आहे, बरा होईल. ते म्हणाले, चेहऱ्याचा इथे काय संबंध? बावीस वर्षं तुझे खड्डे बघतोय, एका गिऱ्हाइकाने कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. तक्रारी येतात त्या वेगळ्याच. लेन्स आली नसताना आली म्हणतोस. चुकीची लागली तर सवय होईल म्हणतोस. तोंडावर खोटं बोलतोस आणि वर गिऱ्हाइकालाच वेड्यात काढतोस. हसऱ्या चुकतो, पण चुकलो म्हणतो.

मालक भावनेच्या भरात बोलत होते. खरं कारण चेहराच आहे, मोठ्या मनाचा माणूस ते तोंडावर सांगणार नाही. म्हणजे माझं नुकसान झालंय, आणि ते क्लिनिकने केलंय.

२१ मार्च
क्लिनिकला तक्रारीचं पत्र लिहिलं. दोन पानी. ‘धोक्यांची पुरेशी कल्पना देण्यात आली नाही. पॅच टेस्ट प्रत्यक्ष न तपासता केवळ फोटोवर भागवण्यात आली.’ दुसरं वाक्य तर शंभर टक्के खरं आहे.

बायकोने पत्र वाचलं. मग फ्रिजवरून तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला, सहीच्या बाजूने. मी म्हणालो, सही केली म्हणजे समजलं असं होत नाही. ती म्हणाली, त्या बाईने तुमच्याकडून एकेक ओळ परत म्हणून घेतली होती, तुम्हीच घरी येऊन चिडचिड केली होती. बायकोची स्मरणशक्ती फार तेज आहे. नको तिथे.

३ एप्रिल
क्लिनिकमध्ये बोलावलं. डॉक्टर, मॅनेजर, मी. सिस्टर उभ्या होत्या, त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. डॉक्टरांनी फाइल उघडली. पॅच टेस्ट, डावा कान. फोटो काढला. बराच वेळ बघितला. आमच्या चेहऱ्यांचे फोटो ते रोज बघतात, कानाचे बहुधा पहिल्यांदाच. मग सिस्टरकडे सरकवला. म्हणाले, हा कुठला कान आहे?

सिस्टरने फोटो हातात घेतला. त्यांचा चेहरा मी बघत होतो, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती. हळूहळू उतरला. म्हणाल्या, उजवा.

डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणालो, मला फोटो पाठवायला सांगितला, मी पाठवला. सेल्फी उलटी येते म्हणतात, मला त्यातलं काही कळत नाही. मॅनेजर म्हणाला, बरोबर आहे, पेशंटला काय कळणार, बघणं हे आमचं काम. मी कानांवर हात ठेवून बसलो होतो, आणि ते माझ्या वतीने बोलत होते.

माझा कान तपासायचं कुणालाच सुचलं नाही, सिस्टर सोडून. त्या जवळ आल्या, चष्म्याची काडी अलगद वर उचलली आणि डाव्या कानामागे बघितलं. काडी परत नीट ठेवली. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, मी प्रत्यक्ष बोलवायला हवं होतं.

५ एप्रिल
मनाशी ठरवलंय. प्रकरण जरा थंड झालं की सांगून टाकायचं, की फोटो निवडताना माझ्याकडूनही थोडी गडबड झाली असावी. आत्ता सांगितलं तर उगाच गुंता वाढेल.

१० एप्रिल
क्लिनिकचं पत्र. दिलगिरी. डागांवरचे सगळे उपचार मोफत. ‘संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात आलं आहे.’

बायकोला फक्त मोफतचं वाचून दाखवलं. तिने पत्र हातातून घेतलं आणि बाकीचं स्वतः वाचलं.

११ एप्रिल
उद्या जाऊन सांगणार.

१२ एप्रिल
दुकानात स्टॉक मोजायचा होता. (खरंच होता.)

१५ एप्रिल
विचार केला तर अकरा वर्षं अनुभवी बाईला डावा-उजवा कळू नये ही गंभीरच गोष्ट आहे. उद्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर? एका परीने बरंच झालं. असं कुणीतरी म्हणू शकेल. मी म्हणत नाही.

१९ एप्रिल
सांगायचंच असेल तर लेखी सांगावं. मसुदा केला. ‘माझ्या लक्षात आलं आहे की’ इथपर्यंत उत्तम जमलाय.

२६ एप्रिल, दुपार
सिस्टर दुकानात आल्या होत्या.

साध्या कपड्यांत होत्या, आधी ओळखलंच नाही. नवीन ब्रँच सुरू झाल्यापासून इथल्या काउंटरवर मीच आहे, लपायला जागा नाही. म्हटलं, भांडायला आल्या. त्यांनी मला दारापाशी उजेडात यायला सांगितलं आणि गाल बघितले. म्हणाल्या, कपाळावरचं थोडं उतरलंय. क्रीम वाटाण्याएवढंच लावताय ना? सनस्क्रीन ढगाळ दिवशीपण लावा. मी हो हो म्हणत होतो.

मग म्हणाल्या, मी माफी मागायला आलेय. अकरा वर्षांत फोटोवर एकही पॅच पास केला नव्हता. त्या दिवशी तुम्ही घाईत होता, मला तुमची अडचण झाली असती ते नको वाटलं. आणि फोटो आला तेव्हा नीट बघितलाच नाही मी. तुम्हाला उजवा-डावा कळला नाही, पण मला कळायला हवा होता. तुमच्या चेहऱ्याचं माझ्या हातून झालं. रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर येतं.

दुसरीकडे काही मिळालं का, असं विचारलं. म्हणाल्या, जिथे जाते तिथे आधीच्या क्लिनिकला फोन करतात.

मी म्हणालो, जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका. त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात.

मी त्यांना माफ केलं.

२६ एप्रिल, संध्याकाळी
बायकोने विचारलं, आज कुणी आलं होतं का? सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाली, आणि तुम्ही काय म्हणालात? मी म्हणालो, माफ केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. चट्टे आल्यापासून तिने एकदाही असं बघितलं नव्हतं. मग म्हणाली, मला तुमचा चेहरा बघवत नाही. आणि आत गेली. खड्डे होते तेव्हा, चट्टे पडले तेव्हा, कधी म्हणाली नव्हती.

२७ एप्रिल
काल लिहिलंय की मी माफ केलं. ते खोडायला घेतलं आणि खोडलं नाही. राहू दे तसंच.

कलप नव्हता. काडी घासून झालं नव्हतं. पाच फेब्रुवारीच्या आधी आठवडाभर मला माहीत होतं, अंघोळीच्या वेळी आरशात बघितलं होतं, आणि ते या वहीतसुद्धा लिहिलं नाही. इथे कोण वाचणार होतं? कुणीही नाही. तरी नाही लिहिलं. फोटो चुकून उजव्या कानाचा गेला नाही. तीन डाव्याचे काढले, ते पुसले, आणि मग मान वळवली. मला स्वतःची लाज वाटते. त्या बाईने मशीन चालू असताना माझा हात धरला होता.

उद्या दहा वाजता क्लिनिक उघडतं. दहा वाजता जाणार. डॉक्टरांसमोर, मॅनेजरसमोर सांगणार, आणि सिस्टरना परत घ्या म्हणणार. मोफतचे उपचार नकोत म्हणून सांगणार. बायकोला आधी सांगत नाही. करूनच सांगतो.

२८ एप्रिल, सकाळी ९.३०
निघालो.

२८ एप्रिल, सकाळी १०.२०
क्लिनिकच्या दारात होतो तेवढ्यात त्यांचाच फोन आला. आत रिसेप्शनवर बसून नवीन सिस्टर मला फोन करत होती, काचेतून दिसत होती. तरुण आहे, आवाज गोड आहे. म्हणाली, डागांच्या पहिल्या सिटिंगआधी पॅच टेस्ट करावी लागेल, आणि ती दाखवायला स्वतः यावं लागेल, फोटो चालणार नाही. आता नियमच केलाय. मी विचारलं, का? म्हणाली, आधीच्या सिस्टरने एका पेशंटचं फार नुकसान केलं म्हणून.

मी म्हणालो, हो का.

मग तिने कधीची वेळ देऊ विचारलं. सोमवारी अकराची घेतली.